लाल औषध, काळी चटणी

आधीच सांगून टाकते, मी बोलकी बाई आहे. मोताळ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. एकदा तोंड उघडलं की घंटा होईपर्यंत ते मिटत नाही. या सवयीनं आजारपणात मला खूपदा धीर दिला आणि एकदा चांगलंच गोत्यात आणलं. आता आसपासच्या गावांतल्या बायका फोन करून विचारतात, "मॅडम, केमो चालू हाय, संग अजून काय घेऊ?" तेव्हा मी त्यांना ती गोत्यात आल्याची गोष्टच सांगते. ती एकदा नीट लिहून ठेवावी म्हणून बसले आहे.

गाडी सावलीत

अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. बोराएवढी होती, दुखत नव्हती. बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होत्या, म्हणून पंधरा दिवस मी तिच्याकडे काणाडोळा केला. शास्त्र शिकवणारी बाई, आणि पंधरा दिवस! त्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

बुलढाण्याला तपासणी झाली, सुईनं तुकडा काढला आणि अकोल्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे आम्हाला पाठवलं. आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे, सुधाकरराव. ह्यांची शेती आहे, कापूस आणि सोयाबीन. मुलगी पुण्याला नोकरी करते. अकोल्याच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "कॅन्सर आहे. पण इलाज होण्यासारखा आहे."

मी लगेच प्रश्न सुरू केले. किती मोठा, कुठवर गेला, कोणतं औषध देणार. ह्यांनी मात्र एकच वाक्य उच्चारलं, "गाडी उन्हात हाय, सावलीत लावून येतो." गेले ते अर्ध्या तासानं आले. माझा संताप संताप झाला. बायकोला कॅन्सर निघाला आणि ह्यांना गाडीची पडली! पुढे खूप दिवसांनी कळलं की गाडी आधीच सावलीत होती. हे नुसते तिच्यात बसून राहिले होते.

परत येताना नांदुऱ्याला चहाला थांबलो. ह्यांनी टपरीवाल्याला सांगितलं, "साखर कमी टाक रे भाऊ." आमच्यापैकी कोणीच कमी साखरेचा चहा पीत नाही. आम्ही दोघांनी तो बेचव चहा मुकाट्यानं संपवला.

लाल औषध

बेत असा होता की आधी केमोनं गाठ बारीक करायची, मग ऑपरेशन. दर एकवीस दिवसांनी अकोला. सकाळी रक्त द्यायचं, अहवाल येईस्तोवर बाकड्यावर बसायचं, मग खुर्ची मिळायची. नर्सबाई मोठ्या सिरिंजमधून एक लालभडक औषध हळूहळू शिरेत सोडायच्या आणि म्हणायच्या, "बर्फ चघळा मॅडम, तोंड कमी येईल."

त्या औषधाचा रंग पाहून मी खरंच हरखले. शेजारच्या खुर्चीत वडनेर भोलजीच्या एक काकू असायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी घाबरून विचारलं, "हे रक्तच चढवून राह्यले काय व?" मी त्यांना सांगितलं की हे रक्त नव्हे, औषधाचाच रंग आहे, उद्या लघवीही लाल होईल, घाबरायचं नाही. नर्सबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमी रोजच येत जा, माझं अर्धं काम होते." भीती वाटत नव्हती असं नाही. पण काही समजावून सांगत असले की भीती जरा दूर सरकून बसायची.

दुसऱ्या हप्त्यात केस गेले. तोंडाला सतत गंजक्या खिळ्याची चव. तिखट तर लांबच, वरणसुद्धा झोंबायचं. तेव्हा ह्यांनी एक कमाल केली. ज्या माणसानं जन्मात चहा ठेवला नव्हता, तो सकाळी ज्वारीच्या कण्या शिजवायला लागला. त्यावर ताक आणि बाजूला बिनतिखटाची कराळाची, म्हणजे कारळ्याची, काळी चटणी. पहिल्या दिवशी कण्या करपल्या, दुसऱ्या दिवशी पातेलं करपलं, तिसऱ्या दिवसापासून जमलं. मी सगळ्यांना फोन करकरून सांगायची, आमच्या घरी सूर्य पश्चिमेला उगवला बरं का!

दोन डोस झाल्यावर डॉक्टरांनी गाठ मोजली. मग परत मोजली. "जशीच्या तशी आहे," त्या म्हणाल्या. "अजून एक डोस देऊन पाहू. तरी हलली नाही तर औषध बदलू."

"म्हणजे औषध चालून नाही राह्यलं?" मी विचारलं.

"काही गाठी हट्टी असतात," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही. ह्यांनी मोताळा येईपर्यंत चारदा विचारलं, "मळमळते काय?" मळमळत नव्हतं. मी मरणार असं पहिल्यांदा वाटलं होतं, एवढंच.

नाझनीन

आमच्या बसस्टँडजवळ पत्र्याच्या कोठ्या आणि बादल्या बनवणारं एक दुकान आहे. त्यांची मुलगी नाझनीन माझी विद्यार्थिनी. बारावीत कार्बनी रसायनात नेहमी चुकायची, पण धातूंच्या संयुगांचा धडा आला की पोरगी अशी खुलायची! आता ती हैदराबादला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. ईदला घरी आली तेव्हा शिरखुर्म्याचा डबा आणि लॅपटॉप घेऊन थेट माझ्याकडे आली. माझं डोकं पाहून दारातच रडायला लागली.

"रडतेस काऊन? आत ये आधी," मी म्हटलं. "शिरखुर्मा गार होऊन राह्यला."

तिनं विचारलं, कोणतं औषध देतात. मी नाव सांगितलं आणि ती ताडकन उठून उभी राहिली. "मॅडम! मी याच औषधावर काम करून राह्यली!"

मग दोन तास आम्ही जेवणखाण विसरलो. तिनं सांगितलेलं मला समजलं तसं मांडते. हे लाल औषध पेशीत शिरलं की सरळ केंद्रकात जातं. घरात शिरलेला माणूस सरळ देवघरात जाऊन बसावा तसं. तिथं ते पेशीची वाढ थांबवतं. पण काही कॅन्सरपेशी शहाण्या होतात. औषध आत आलं रे आलं की त्याला ओढून मागच्या दारानं बाहेर काढतात. देवघरापर्यंत पोचूच देत नाहीत. नाझनीनची मंडळी काय करतात, तर त्या औषधाला धातूच्या एका संयुगाशी बांधतात. मग त्याची चालच बदलते. ते देवघराकडे वळतच नाही, स्वयंपाकघरात शिरतं. म्हणजे तंतुकणिकेत, जिथं पेशीची चूल पेटते. चूलच विझली तर पेशी जगणार कशी?

"आन् मॅडम, हे नुसतं सांगायचं नाही, दिसते!" ती म्हणाली. "औषध सोताच चमकते ना. लाल."

तिनं लॅपटॉप उघडला. एका चित्रात हट्टी पेशी होत्या आणि साधं औषध. सगळं काळंच, लालसर रंग नावाला. दुसऱ्या चित्रात त्याच पेशी, पण औषध धातूच्या संयुगासोबत. बाप्पा! प्रत्येक पेशीत मधला गोल अंधारा आणि त्याच्या भोवती लालच लाल ठिपके. माझ्या शिरेत जाणारा तोच लाल रंग. मी खुर्चीतून उठले, बसले, परत उठले. माझ्या अंगात जे होत नव्हतं, ते तिच्या काचेच्या थाळीत होत होतं!

मग मला राहवलं नाही. तिचा हात धरला आणि म्हणाले, "नाझनीन, मले दे न हे."

एवढी बोलणारी पोरगी, नुसती माझ्या हाताकडे पाहत राहिली. "मॅडम, हे अजून थाळीतच हाय," ती शेवटी म्हणाली. "उंदरालेबी दिलं नाही. तुमाले कसं देऊ? तुमीच शिकवलं, पडताळा झाल्याबिगर लिहायचं नाही."

मी शिकवलं होतं खरं. त्या घडीला मला माझाच राग आला.

जेवताना दिलेलं व्याख्यान

पण संध्याकाळपर्यंत माझा उत्साह परत उतू जाऊ लागला. जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. ताटात भाकरीचे तुकडे मांडून पेशी दाखवली, मीठ म्हणजे औषध, लिंबाची फोड म्हणजे धातू. आणि आश्चर्य असं की हे ऐकत होते! तोवर ह्यांनी माझं रसायनशास्त्र कधी ऐकलं नव्हतं. मी बोलायला लागले की हे बैलांना पाणी दाखवायला जायचे. त्या दिवशी मात्र घास हातात धरून बसले.

"म्हणजे औषधाले धातू पायजे?" ह्यांनी विचारलं.

"हाव! धातू असला की ते बरोबर जागी जाते."

"कोणता धातू?"

प्रश्न विचारला म्हणून मला इतका आनंद झाला की मी यादीच म्हणून दाखवली. "प्लॅटिनम, रुथेनियम, तांबं, लय प्रयोग चालू हायेत."

"तांबं," हे म्हणाले आणि हात धुवायला उठले.

वर्गात एखाद्या पोरानं कॉपरच्या संयुगाऐवजी नुसतं 'तांबे' लिहिलं असतं तर मी त्याचा गुण कापला असता. घरात मीच ते शिकवून बसले आणि मला पत्ताही नाही.

पिवळे डोळे

तिसऱ्या डोसच्या दिवशी रक्ताचा अहवाल आला आणि नर्सबाईंनी मला खुर्ची दिलीच नाही. डॉक्टरांनी आत बोलावलं. माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. "डोळे पिवळट दिसताहेत. यकृताचे आकडे बरेच वाढलेत. आज औषध देता येणार नाही. सोनोग्राफी करून या."

कॅन्सरच्या माणसाला 'यकृत' हा शब्द ऐकून काय वाटतं, हे तो आजार ज्याला झाला त्यालाच ठाऊक. मी सोनोग्राफीच्या टेबलावर पडले होते. पोटावर थंडगार जेल होतं आणि मनात एकच गोष्ट चालली होती: गाठ हट्टी निघाली, ती आता खाली उतरली, पोरीला पुण्यावरून बोलवावं लागेल. तिथल्या बाईंना विचारलं, "दिसून राह्यलं काय काही?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर सांगतील."

डॉक्टर म्हणाल्या, "गाठबिठ नाही. यकृत स्वच्छ दिसतंय. मग हे आकडे कशानं चढले? केमोशिवाय काही घेता का? काढा, भस्म, चूर्ण?"

मला फणकाराच आला. "मी रसायनशास्त्र शिकवते डॉक्टर," मी ताठ बसून म्हणाले. "असलं काही मी घेत नाही आणि घरात कोणाला घेऊ देत नाही."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

शेजारी हे बसले होते. मान खाली आणि पायातल्या चपलेचा अंगठा घट्ट धरलेला. "मॅडम," हे डॉक्टरांना म्हणाले, "मी देऊन राह्यलो."

"काय?" आम्ही दोघी एकदमच बोललो.

"तांब्याचं भस्म. मोताळ्याच्या बाजारातून आणलं. एक जण चादर टाकून बसते जडीबुटी घेऊन. चटणीत टाकतो रोज सकाळी." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ही म्हणे, धातू असला की औषध बरोबर जागी जाते. ते पोरगी तर देत नव्हती. मी म्हटलं आपण आणू."

काळ्या चटणीत काळं भस्म. आणि तोंडाला आधीच गंजाची चव, तेव्हा मला कळणार कुठून? रोज सकाळी मी 'वा, काय चटणी झाली!' म्हणत चाटूनपुसून खात होते.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. दवाखान्यात आवाज चढवू नये हे माहीत असूनही चढवला. "मारायलेच निघाले होते काय मले?" हेही म्हणाले. ते वाक्य परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. ह्यांचे डोळे भरून आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना मी रडताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना पाणी दिलं. "यानंच झालं असेल असं वाटतं, पण नक्की आकडे उतरले की कळेल," त्या म्हणाल्या. "आजपासून बंद. आणि मॅडम, औषधातला धातू आणि भस्मातला धातू यांत फरक काय, ते यांना कोण सांगणार होतं?"

मी सांगणार होते, आणि मी अर्धंच सांगितलं होतं. मिठाचं उदाहरण तर रोज वर्गात देते, की सोडियम पाण्यात टाकला तर भडका उडतो आणि तोच सोडियम मिठात असला की आपण भाजीत घालतो. धातू कोणाशी बांधला आहे, त्यावर तो काय करणार हे ठरतं. हे ताटावर बसून सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. पण मी माझ्याच आनंदात होते.

घरी आल्यावर तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी मीच ताट घेऊन ह्यांच्यासमोर बसले आणि नवऱ्याला मिठाचा धडा शिकवला, पहिल्यापासून. ह्यांनी सगळा ऐकला आणि शेवटी म्हणाले, "हे तू त्याच दिवशी सांगतलं असतं तं?" मी म्हटलं, "चुकलं माझं." आणि माझं खरंच चुकलं होतं.

म्हणून बायांनो, तुमच्या घरात कोण काय कालवून देतंय ते विचारा. प्रेमानं देतात, म्हणूनच विचारा. आणि डॉक्टरांना सगळं सांगा, माझ्यासारखा तोरा दाखवू नका.

गाठ हलली

भस्म बंद झालं आणि तीन आठवड्यांत आकडे उतरले. गाठ हलली नव्हतीच, तेव्हा डॉक्टरांनी लाल औषध सोडून दुसरं सुरू केलं. तेही शिरेतूनच, पण पाण्यासारखं बिनरंगी आणि दर आठवड्याला. बोटांना मुंग्या यायच्या, खडू हातातून पडायचा. पण दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि त्यांना ती शोधावी लागली! "अहो, सापडतच नाहीये," त्या म्हणाल्या आणि मी टेबलावर पडल्या पडल्या मोठ्यानं हसले. वडनेरच्या काकूंनी बाहेर सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटले, जसं काही मीच बारावी पास झाले.

मग ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. ऑपरेशनच्या आधी ह्यांनी प्रत्येक गोळीचं नाव वहीत लिहून घेतलं आणि प्रत्येक डॉक्टरला विचारलं, "याच्यासंग काय द्यायचं नाही?" एक तरुण डॉक्टर तर ह्यांना पाहून दुसऱ्या जिन्यानं जायला लागला.

फोन

ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली. दर तपासणीचा अहवाल चांगला आला की आम्ही नांदुऱ्याला चहा पितो आणि विषय तिथंच सोडतो. पुढचं कोणी बोलत नाही. बोललं तर काही बिघडेल अशी भीती दोघांनाही.

गेल्या महिन्यात अंगणात तुरी वाळत टाकत होते, तेवढ्यात नाझनीनचा फोन आला. नमस्कार नाही, सलाम नाही, सरळ ओरडलीच, "मॅडम! उंदराच्या गाठी बारीक होऊन राह्यल्या!"

"काय म्हणतेस!" मीही ओरडले. "हट्टी गाठी?"

"हट्टीच! साध्या औषधाले ज्या हलल्या नव्हत्या त्या!"

मी तुरीच्या ढिगात उभी राहून अक्षरशः नाचले. हे तोंडाला दाढीचा साबण लावलेले, तसेच बाहेर धावत आले. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही! नाझनीनचं औषध! थाळीतून उंदरात पोचलं!"

या वेळी मी अर्धं सांगितलं नाही. ह्यांना खाटेवर बसवलं आणि सावकाश सांगितलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. अजून खूप वर्षं लागतील. कदाचित माणसात चालणारही नाही. पण ज्यांच्या गाठी कशालाच दाद देत नाहीत, अशा बायांसाठी एक वाट उघडते आहे, आणि ती आपल्या मोताळ्याची पोरगी उघडते आहे. हे मान हलवत होते, साबण गालावर वाळत होता.

"सगळं समजलं," हे म्हणाले. "पण माणसाले द्यायले लागले, की तुले केव्हा देतीन?"

"मले कायले देतीन?" मी म्हटलं. "मी बरी झाली ना आता."

बोलून गेले आणि थांबले. दोन वर्षांत हे वाक्य मी म्हटलं नव्हतं. ह्यांनीही नाही. ह्यांनी गालावरचा साबण हातानं पुसला, मग डोळे पुसले, मग तोच हात परत गालाला लावला.

"काय म्हटली व?" ह्यांनी विचारलं. "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्यानं.